आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधी सात किलो उतरवायला सांगितलंय. तेवढं थांबू, की लगेच सुरू करू?

कृष्णाकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री ११.२०

नमस्कार. लिहू की नको करत महिना गेला. आज घरात सगळे झोपलेत म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीची. वय ३४, येत्या डिसेंबरात लग्नाला सात वर्षं होतील. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३४. पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयातली अंडी वेळेवर पिकत नाहीत. अकरावी-बारावीपासून पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी दोन-दोन महिने पत्ताच नाही. एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ६.१, थायरॉईड नॉर्मल, नळ्या मोकळ्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. मिस्टरांचा रिपोर्ट असा की शुक्राणूंचा काउंट ठीक, मोटिलिटी (त्यांची हालचाल) कमी. अंडं फुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या पाच महिने झाल्या, दोनदा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) झालं. दोन्ही वेळा पंधराव्या दिवशी पाळी आली.

आता आयव्हीएफवर आलोय आणि इथेच अडकलेय. मिरजेच्या मॅडम म्हणतात, "चार महिने घे, सात किलो उतरव, मग सुरू करू. कदाचित आयव्हीएफ लागणारही नाही." दुसरं मत घ्यावं म्हणून कोल्हापूरला गेलो, तर तिथले सर म्हणाले, "वजनासाठी कशाला थांबायचं? पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, इंजेक्शनं सुरू करू." दोघांचंही नाव आहे, दोघांनीही घाई न करता समजावून सांगितलं. परत येताना अंकलीच्या पुलापर्यंत आम्ही दोघं गाडीत एक शब्द बोललो नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. एका सायकलचे (आयव्हीएफच्या एका खेपेचे) पावणेदोन लाख सांगितलेत, इंजेक्शनं वेगळी. मी भिशी उचलून ठेवलीय, थोडे मिस्टरांचे आहेत. एकच सायकल होईल एवढेच पैसे आहेत. ती वजनापायी फुकट जाऊ नये असं एकदा वाटतं, आणि वजन उतरवता उतरवता वयच निघून गेलं तर काय, असं लगेच दुसऱ्यांदा वाटतं.

वजन कमी करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २०२१ मध्ये डब्यातली पावडर दुधात घालून पिऊन सहा किलो उतरवले होते, पुढच्या वर्षभरात नऊ वाढले. आणि एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. याआधी ज्या दवाखान्यात जायचो तिथे वजनकाटा बाहेर, पेशंटच्या बाकासमोर ठेवलेला. एक सिस्टर काट्याजवळ उभी राहून आकडा मोठ्यानं सांगायची आणि दुसरी काउंटरवर फाइलमध्ये लिहायची. माझ्या वेळी ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी. पर्स खाली ठेवली का?" मी पर्स आधीच मिस्टरांच्या हातात दिली होती. बाकावर सात-आठ जणी होत्या, सगळ्या माझ्यासारख्याच वाट बघणाऱ्या. त्यांनी माना खाली घातल्या. मला त्यांच्या त्या खाली घातलेल्या मानाच जास्त लागल्या. पुढचे दोन दिवस मी काकडी आणि ताकावर काढले आणि तिसऱ्या दिवशी पतसंस्थेत कॅश मोजता मोजता चक्कर येऊन पडले.

घरचं सांगायचं तर स्वयंपाक सासूबाई करतात. फार मायेच्या आहेत. त्यांचं म्हणणं, अंगात ताकद असेल तर गर्भ धरेल, म्हणून माझ्या ताटात तुपाची धार जरा जास्तच. आमच्या घरात तीन माणसांना महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा लागतो. मी दहा ते सहा खुर्चीवर. चार वाजता ऑफिसात चहा आणि भडंग, आणि सांगलीत भडंगाला नाही म्हणणं किती अवघड ते इथल्यांना माहीत आहे. त्यात आता आठवड्याभरात दिवाळी. भाजणी दळून आलीय.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. थांबलात का? किती थांबलात? वजन उतरल्यानं खरंच फरक पडला का? आणि हल्ली ती वजनाची इंजेक्शनं निघालीत, ती या काळात घ्यावीत का? "रिलॅक्स राहा, आपोआप होईल" असं कृपा करून कुणी लिहू नका.

---

गोदाकाठ_४१ | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

तुझं रात्रीच वाचलं आणि झोप आली नाही. मी नाशिकची, वय ४१, मुलगी दोन वर्षांची आहे. माझं सगळं सांगते, कारण माझी चूक तू करू नयेस.

मी ३६ ची असताना पहिल्यांदा या उपचारांसाठी गेले. वजन ८१. मला पीसीओएस नव्हतं, पाळी घड्याळासारखी यायची. एएमएच मात्र १.१. डॉक्टर म्हणाले, "दहा किलो कमी करून या." किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी घरी आले, कामाला लागले. चार किलो गेले, दोन परत आले, मग सहा गेले. पण दहा झाले नव्हते ना, म्हणून जायची लाज वाटायची. गृहपाठ झाला नाही की मुलं शाळेत जायचं टाळतात, तसं माझं झालं होतं. चौदा महिने गेले. आठ किलो उतरवून गेले तेव्हा एएमएच ०.६ वर आलं होतं. पहिल्या वेळी चार अंडी मिळाली, दुसऱ्या वेळी तीन. मुलगी तिसऱ्या वेळी राहिली, तोवर घरातलं सोनं बँकेत गेलं होतं.

त्या डॉक्टरांनी सांगितलेलं वजनाचं चूक नव्हतं. चूक एवढीच की माझं वय आणि एएमएच बघता माझ्याकडे चौदा महिने नव्हते, आणि ते मला कुणी सांगितलं नाही. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्यासारखीला ते आधी अंडी काढून घ्यायला सांगतात, गर्भ तयार करून गोठवून ठेवतात, मग वजनासाठी तीन-चार महिने देतात आणि त्यानंतर तो गर्भ गर्भाशयात सोडतात. हे मला ३६ व्या वर्षी कळायला हवं होतं.

तुझं प्रकरण वेगळं आहे. तू ३४ ची, एएमएच ६.१. अंड्यांचा साठा तुझ्याकडे भरपूर आहे, ती वेळेवर पिकून बाहेर पडत नाहीत हा तुझा त्रास. पीसीओएसमध्ये वजनाच्या पाच ते दहा टक्के जरी उतरले तरी पुष्कळ जणींचं अंडं स्वतःहून फुटायला लागतं. तुझ्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सव्वाचार किलो. म्हणून मला तुझ्या मिरजेच्या मॅडमचं पटतं. पण एका अटीवर. किलोची अट घेऊ नकोस, तारखेची घे. त्यांच्याकडे जा आणि विचार, "१५ फेब्रुवारीला माझं वजन ७७ झालेलं नसेल तर?" त्यांनी "तरीही सुरू करू" म्हटलं तर चार महिने नक्की दे. "मग बघू" म्हणाल्या तर त्यांच्याकडून तिथेच तारीख लिहून घे. माझ्या फाइलीवर अशी तारीख असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

आता स्वयंपाकघराचं. मीही एकत्र कुटुंबातली. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तेलाचा. तुमच्यासारखाच आमच्याकडे तीन माणसांत पाच लिटर जायचा. मी अर्ध्या लिटरची काचेची बाटली आणली, सोमवारी सकाळी भरायची आणि ती पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. फोडणी, भाजी, थालीपीठ, सगळं त्यातूनच. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच संपली. शुक्रवार-शनिवार-रविवार आम्ही कोशिंबीर, पिठलं आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत खाल्लं, वरून कच्चं तेलसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी रात्री बाटलीत बोटभर तेल उरायला लागलं. महिन्याला पाचचे दोन लिटर झाले, म्हणजे माणशी रोजच्या पावणेतीनशे कॅलरी गेल्या आणि ताटातली भाकरी मोजायला लागली नाही. तुपाची धार अर्ध्या चमच्यावर आणली, बंद केली नाही. बंद केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

दुसरं, ताटात प्रथिनं कुठे आहेत ते बघ. आपल्याकडे पोहे, मग पोळी-भाजी, मग संध्याकाळी भडंग, मग भात-आमटी. सगळं पिठूळ. मी सकाळी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे, दुपारी मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ आधी आणि भाकरी नंतर, असं सुरू केलं. उसळ आधी खाल्ली की दुसरी भाकरी मागाविशी वाटत नाही. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी सोडली. उपासाला वरईची भाकरी, दही आणि राजगिऱ्याची भाजी. चहा पाच कपांचा दोनवर आणला. पाच कप, दोन-दोन चमचे साखर म्हणजे रोजची पन्नास ग्रॅम साखर होते, हे मी वजनकाट्यावर वाटी ठेवून बघितलं तेव्हा पटलं.

आणि काटा घरी आण. महिन्यातून चारदाच त्यावर उभी राहा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्याच्याबरोबर शिवणाची टेप घेऊन बेंबीवरून पोटाचा घेर माप. आपल्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत असावा म्हणतात. माझा १०१ होता. कधीकधी काटा हलत नाही, पण टेप हलते.

दिवाळीत फराळ घरी करू नका असं मी म्हणणार नाही. लाडू-चकली डब्यात मोजून वेगळी काढ, तुझा डबा तो. संपला की संपला.

---

भूलतज्ज्ञ_पुणे | १३ ऑक्टोबर, दुपारी २.४०

मी भूलतज्ज्ञ आहे. आयव्हीएफच्या अंडी काढण्याच्या प्रक्रियेला आठवड्यातून दोन दिवस उभा असतो. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या दोन्ही डॉक्टरांची मतं एकमेकांविरुद्ध का वाटतात ते सांगू शकतो.

कोल्हापूरचे सर हवेत बोलत नाहीत. नेदरलँड्समध्ये बीएमआय २९ च्या वर असलेल्या, मूल होत नसलेल्या ५७७ स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार, निम्म्यांना थेट उपचार. वजन कमी करणाऱ्या गटाचं सरासरी ४.४ किलो उतरलं. पण दोन वर्षांनी पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीनं झालेल्या स्त्रिया त्या गटात २७ टक्के आणि थेट उपचारांच्या गटात ३५ टक्के निघाल्या. स्वीडनमध्ये २०१७ मध्ये आयव्हीएफचा अभ्यास आला, त्यातल्या स्त्रियांचा बीएमआय नेमका तुमच्यासारखा, ३० ते ३५. बारा आठवडे दिवसाला ८८० कॅलरींचा द्रव आहार, सरासरी नऊ किलोंहून जास्त वजन उतरलं, तरी आयव्हीएफनंतरच्या बाळांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. या जोरावर सर म्हणतात की थांबू नका.

मग मिरजेच्या मॅडम चुकल्या का? तर नाही. या दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखी आहे. वजन कमी करणाऱ्या गटात उपचारांशिवाय, आपोआप दिवस राहिलेल्या स्त्रिया जास्त होत्या. डच अभ्यासात २६ टक्के, तर दुसऱ्या गटात १६. अंडं फुटत नाही हाच ज्यांचा मुख्य त्रास, त्यांना हा फायदा मिळण्याची शक्यता जास्त. कारण शरीरात इन्सुलिन वाढलेलं असलं की अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त तयार करतं आणि अंडं अर्ध्यावर थांबतं. पोटाचा घेर कमी झाला, रात्रीच्या जेवणानंतर चालणं झालं, की इन्सुलिन उतरतं. तुमचा एचबीएवनसी ६.० आहे, म्हणजे तुमच्यात हे चालू आहे. दुसरं म्हणजे मॅडम कदाचित गर्भ राहण्यापुरतं बघत नसतील, नऊ महिन्यांचं बघत असतील. जास्त वजनात गर्भपात, गरोदरपणातला मधुमेह आणि बीपी यांचा धोका वाढतो.

माझ्या बाजूचं सांगतो. अंडी काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण त्या वेळात पेशंट झोपेत असते आणि श्वास मी सांभाळत असतो. वजन जास्त असलं की ऑक्सिजन झपाट्यानं खाली येतो, घोरणाऱ्या पेशंटचा तर जास्तच. सोनोग्राफीत अंडाशय वर सरकलेलं, सुई पोचायला अवघड. सहा-सात किलोंनीसुद्धा आम्हाला फरक कळतो.

तीन गोष्टी मात्र आजच करा. फॉलिक ॲसिड सुरू आहे का ते विचारा, आणि तुमच्या बीएमआयला किती मिलिग्रॅम हेही विचारा, कारण या चार महिन्यांत दिवस राहू शकतात. पाळी लांबली तर "आपली नेहमीचीच" म्हणून सोडून देऊ नका, घरी तपासणी करा. वजनाच्या इंजेक्शनांचं म्हणाल तर सेमाग्लुटाइड हे गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी निदान दोन महिने बंद करावं लागतं, म्हणजे चार महिन्यांच्या हिशोबात ते बसणं अवघड. स्वतःहून, मेडिकलवाल्याला विचारून तर अजिबात घेऊ नका. आणि काकडी-ताकावर राहणं पुन्हा नको. चक्कर येऊन पडलात हे वाचून मला काळजी वाटली.

आयव्हीएफ झालंच तर एवढ्या एएमएचला अंडाशयं गरजेपेक्षा जास्त फुगण्याचा धोका असतो. ते कसं टाळणार आहेत आणि गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का, हे दोन्हीकडे विचारा. ज्या डॉक्टरांचं उत्तर जास्त तपशीलवार असेल तिकडे जा.

---

सातारकर_८८ | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

ताई, सगळे तुमच्याच वजनाबद्दल बोलतायत. मिस्टरांची मोटिलिटी कमी आहे म्हणालात, त्यांचं वजन किती? मावा (तंबाखू-सुपारीचा) खातात का?

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. दिवसाला पाच मावे. वजन ९६. माझा रिपोर्ट २२ टक्के मोटिलिटीचा आला तेव्हासुद्धा घरातले सगळे बायकोलाच सांगायचे, बारीक हो. ती बारीक झाली. मग एका डॉक्टरनी मला समोर बसवून सांगितलं की शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, आज तू तंबाखू सोडलीस तर अडीच महिन्यांनी त्याचा रिपोर्ट मिळेल, आणि उष्णतेपासून लांब राहा. मी साहेबांना भेटून बॉयलरवरून स्टोअरला बदली मागितली, कारण सांगताना मान वर होत नव्हती. मावा सोडताना पहिला आठवडा फार वाईट गेला. आठ किलो कमी केले. चार महिन्यांनी रिपोर्ट ४१ टक्के आला. आम्हाला तिसऱ्या आययूआयला मुलगा झाला.

चार महिने थांबणार असाल तर दोघंही थांबा. एकटीनं थांबू नका.

---

लेस्टरकर | १४ ऑक्टोबर, पहाटे ३.३० (तुमच्याकडची)

मी मूळची मिरजेची, अकरा वर्षं इंग्लंडमध्ये. इकडे सरकारी खर्चानं आयव्हीएफ हवं असेल तर बहुतेक ठिकाणी बीएमआय ३० च्या खाली लागतो. नियम भागाभागाप्रमाणे बदलतात, पण ३० ची रेषा जवळपास सगळीकडे. माझा ३२.५ होता. मला डॉक्टरनी पत्र दिलं, त्यात "३० खाली आल्यावर पुन्हा संपर्क करा" एवढंच होतं.

सांगायचं हे की त्या रेषेनं मला आत्मविश्वासही दिला आणि छळलंही. मोजणीच्या दिवशी माझा ३०.२ आला. मी तिथेच स्वेटर काढला, बूट काढले, बांगड्या काढल्या. नर्स चांगली होती, पडदा ओढून घेतला, म्हणाली पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी २९.८. ३०.२ ला माझं शरीर नालायक आणि २९.८ ला लायक, असं काही झालं नव्हतं. रेषा ही कुणाला आधी द्यायचं हे ठरवण्यासाठीही असते. आपल्याकडे खासगीत तशी सक्ती नाही, म्हणजे निर्णय तुझ्या हातात आहे. त्याचं ओझं वाटतंय हे कळतं.

आणि त्या वजनकाट्याबद्दल. पुढच्या दवाखान्यात आधीच सांग, "वजन आत, दार लावून करा, आकडा मोठ्यानं सांगू नका." हे मागायचा तुला हक्क आहे.

---

कृष्णाकाठची | २७ नोव्हेंबर, रात्री १०.४५

दीड महिना झाला. सगळ्यांना नावानिशी उत्तर द्यायचं होतं, पण दिवाळी, मग पतसंस्थेची तपासणी, त्यात राहिलं. माफ करा.

मी मिरजेच्या मॅडमकडे गेले आणि गोदाकाठताईंनी सांगितला तोच प्रश्न विचारला. त्यांनी पेन घेतलं आणि फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिलं, "१५ फेब्रु. वजन काहीही असो." मला तिथेच रडू आलं. मग त्यांनीच सांगितलं की त्यांची काळजी माझ्या साखरेची आणि गरोदरपणातल्या बीपीची जास्त आहे, वजन हे त्यातलं मोजता येतं म्हणून ते धरलंय. भूलतज्ज्ञ सर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. फॉलिक ॲसिड सुरूच नव्हतं, ते आता आहे. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) सुरू केलंय, पहिले दहा दिवस पोट बिघडलं, आता ठीक. इंजेक्शनाचा विषय मी काढलाच नाही. फुगण्याच्या धोक्याचं विचारलं तर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कोल्हापूरलाही फोन केला होता. सर म्हणाले, चार महिन्यांची मुदत ठरलेली असेल तर माझी हरकत नाही. तेव्हा डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

मॅडमना वजनाचंही सांगितलं. त्यांचा काटा आतल्या खोलीतच आहे.

तेलाची बाटली आणली. सासूबाईंना पहिले चार दिवस राग होता, त्यांना वाटलं मी त्यांच्या स्वयंपाकात खोट काढतेय. मग मी त्यांना मिरजेला बरोबर नेलं. मॅडमनी त्यांना विचारलं, "आजी, तुमच्या घरात साखरेचा त्रास कुणाला होता?" त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं, पायाचं बोट काढावं लागलं होतं ते. येताना रिक्षात गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाटलीवर त्यांनी कुंकवानं दोन आडव्या रेघा ओढलेल्या. एक बुधवारची, एक शनिवारची. तेवढ्याच्या खाली तेल जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा त्यांनीच नियम केलाय. परवा बुधवारी तेल रेघेच्या वर होतं म्हणून मला हाक मारून दाखवलं.

दिवाळीचा माझा डबा चौथ्या दिवशी संपला. पाडव्याला भावाकडे दोन करंज्या खाल्ल्या, ते धरूनच सांगते. ऑफिसात आता भडंगाऐवजी भाजलेले फुटाणे नेते. सकाळी साडेपाचला आमराईत चालायला जाते, चाळीस मिनिटं. तिथे एक वयस्कर बाई भेटतात, त्यांनी मला दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उठाबशा काढायला शिकवलं. पहिल्या दिवशी सहा झाल्या, आज बावीस.

सातारकरदादा, तुमचं मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. रात्री उठून शर्टाच्या खिशातली मावा बांधलेली प्लास्टिकची पुडी त्यांनी कचऱ्यात टाकली. दोनदा परत सुरू झाला, दोनदा सुटला. आता सतरा दिवस झालेत.

आजचं वजन ८०.६. घेर १०४ वरून ९९. आणि या वेळी पाळी तेहेतिसाव्या दिवशी आली, गोळीशिवाय. तेहेतीस. मी कॅलेंडरवर तीनदा मोजलं. आली म्हणून वाईट वाटायचं ते वाटलंच, पण वेळेवर आली याचा आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही.

सोमवारी मिरजेला एचबीएवनसी परत करायचंय, आणि बाराव्या दिवशी सोनोग्राफीला बोलावलंय, अंडं वाढतंय का बघायला. रिपोर्ट आला की इथेच लिहीन. गोदाकाठताई, वरईच्या भाकरीला पीठ कसं भिजवता? माझी थापताना तुटते.

---

गोदाकाठ_४१ | २८ नोव्हेंबर, सकाळी ५.५०

उकळत्या पाण्यात घाल, झाकून दहा मिनिटं ठेव, आणि गरम असतानाच तळहातानं मळ. एक उकडलेला बटाटा कुस्करून घातलास तर तुटणार नाही, छोटा घे. सोमवारची वाट बघतेय.